त्याच टोचणीत हिवतापाची तपासणी

पांढुर्णा-सौसरकडच्या गावात गरोदर बाईची पहिली तपासणी बहुधा अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात होते. वजन घेतात, बीपी पाहतात, लघवीत पट्टी बुडवतात, बोटाला टोचून हिमोग्लोबिन मोजतात, लोहाच्या गोळ्या हातात देतात. हिवतापाची पाळी आली की मात्र पुष्कळदा एकच प्रश्न विचारला जातो, ताप येतो का? बाईने नकारार्थी मान हलवली की विषय तिथेच मिटतो. तो तिथे मिटता कामा नये, एवढेच या लेखात पटवून द्यायचे आहे. पाऊस सुरू झाल्यापासून थंडी स्थिरावेपर्यंत, म्हणजे आषाढापासून कार्तिकापर्यंत, हिवतापाची तपासणी गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांतच धरावी. ताप असो वा नसो, ती व्हावी. आणि आपणहून झाली नाही तर बाईने, नवऱ्याने, सासूने ती मागून घ्यावी. मागायला संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते. त्या तपासण्यांच्या यादीत हिमोग्लोबिन, लघवी, साखर, रक्तगट यांच्या जोडीला हिवतापाची झटपट चाचणीही आहे. यादीत जे आहेच ते करून घ्यायचे, त्यात जास्तीचे काही मागणे नाही.

गरोदरपणी हिवतापाकडे वेगळ्या नजरेने का पाहायचे, हे आधी समजून घेऊ. पोटात बाळ असताना आईची प्रतिकारशक्ती स्वतःला थोडी आवरून घेते, कारण बाळाचे अर्धे शरीर बापाकडून आलेले असते आणि ते तिला सांभाळून घ्यायचे असते. याचा फायदा हिवतापाच्या जंतूलाही मिळतो. त्यातला फॅल्सिपेरम हा जंतू तर वारेत ठाण मांडतो. तो ज्या तांबड्या पेशीत शिरतो तिच्या पृष्ठभागावर असे प्रथिन तयार होते, की ती पेशी वारेतल्या एका विशिष्ट पदार्थाला चिकटून बसते. म्हणून आईच्या बोटातल्या रक्तात जंतू अगदी विरळ असतात, कधी दिसतही नाहीत, आणि वारेत मात्र त्यांची दाटी झालेली असते. ज्या वाटेने बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचायचा ती वाटच अशी कोंडते. आईला हुडहुडी भरतेच असे नाही. नुसता थकवा, अंगदुखी, डोके जड, तोंडाला चव नाही, एवढ्यावरच भागते, आणि ही सगळी लक्षणे घरात 'दिवस गेलेत, व्हायचंच' म्हणून सोडून दिली जातात. आत मात्र दोन गोष्टी घडत राहतात. जंतू तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे आईचे रक्त कमी होते. आणि बाळ हवे तसे वाढत नाही.

रक्त कमी होण्याचा मुद्दा आपल्याकडे जरा थांबून पाहायला हवा. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मध्य प्रदेशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.९ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक, रक्तक्षयाने ग्रासलेल्या होत्या. त्याचे मुख्य कारण अर्थातच खाण्यातली कमतरता, लागोपाठची बाळंतपणे आणि जंत. पण निम्म्या बायकांचे रक्त कमी असले की कमी रक्त हेच नेहमीचे वाटू लागते, आणि त्यातली कोणती बाई हिवतापामुळे फिकी पडली आहे हे शोधायची गरज कुणाला भासत नाही. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नसेल, किंवा एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत ते अचानक खाली आले असेल, तर गोळ्यांचा डोस वाढवण्याच्या आधी हिवतापाची चाचणी करा, असे नर्सबाईला आवर्जून सांगावे.

हे सगळे आफ्रिकेतले, आपल्याकडे असे काही नाही, असा समज असेल तर जबलपूरचा दाखला पुरेसा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जबलपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हिवतापाचा दवाखाना चालवला होता. तिथल्या तीन वर्षांच्या नोंदींचा अभ्यास डॉ. नीरू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गरोदर बायकांत हिवतापाचे प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त होते, रक्तक्षयही जास्त होता. हिवताप झालेल्या आयांची बाळे इतर बाळांपेक्षा सरासरी ३५० ग्रॅमने हलकी होती. अडीच किलोच्या खालचे बाळ आपण कमी वजनाचे मानतो. पावणेतीन किलोचे व्हायचे ते बाळ ३५० ग्रॅम गमावून बसले तर त्या रेषेच्या खाली जाते, आणि पहिल्या महिन्यातल्या प्रत्येक सर्दी-जुलाबाशी त्याला कमी ताकदीने झुंजावे लागते. ज्या जबलपूर विभागात आपला जिल्हा मोडतो, त्याच विभागातल्या आयांची ही मोजमापे आहेत.

दुसरा पुरावा या लेखातल्या मुद्द्याला थेट भिडतो. २०१७ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात जगभरातले ५९ अभ्यास एकत्र करून हिवताप आणि मृत बाळ जन्मणे यांचा संबंध तपासला गेला. बाळंतपणाच्या वेळी आईच्या अंगात हिवताप सापडला तर मृत बाळ जन्मण्याचा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला, फॅल्सिपेरममध्येही आणि ज्याला आपण सौम्य समजतो त्या व्हायवॅक्स या दुसऱ्या जंतूमध्येही. पण व्हायवॅक्स गरोदरपणातच सापडून त्यावर औषध झाले असेल, तर धोक्यात अशी वाढ आढळली नाही. शिवाय जिथे हिवताप भरपूर आहे तिथल्यापेक्षा जिथे तो कमी ते मध्यम आहे, तिथे फॅल्सिपेरमचा फटका अधिक जोरात बसतो, असेही त्यात दिसले. वेळेत शोधणे म्हणजे काय, हे यातून उघड होते. आजार तोच, बाईही तशीच. फरक फक्त तो कधी सापडला याचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हिवताप आता राहिलाय कुठे? आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. देशात २०१५ साली हिवतापाचे ११,६९,२६१ रुग्ण नोंदले गेले होते, २०२३ साली २,२७,५६४. मृत्यू ३८४ वरून ८३ वर आले. आपल्याच राज्यात मंडला जिल्ह्यातल्या १,२३३ गावांत २०१७ पासून घरोघर जाऊन ताप शोधणे, तपासणे, औषध देणे आणि पुन्हा पाहायला जाणे असे काम नेटाने झाले, आणि तिथला स्थानिक हिवताप नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. २०३० पर्यंत देशातून हिवताप नाहीसा करायचे सरकारचे उद्दिष्ट आहे. पण रुग्ण कमी झाले म्हणजे एका गरोदर बाईचा धोका त्याच प्रमाणात कमी झाला, असे होत नाही. लहानपणापासून वरचेवर हिवताप होत असला की शरीरात त्याच्याशी अर्धीमुर्धी झुंजण्याची ताकद येते. जिथे तो क्वचित होतो तिथे ती ताकद नसते, म्हणून झालाच तर जोराने होतो: मेंदूत जातो, साखर एकदम उतरते, फुप्फुसात पाणी भरते. भरपूर हिवतापाच्या प्रदेशात मुख्य धोका पहिलटकरणीला असतो. आपल्यासारख्या प्रदेशात तो पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, कोणत्याही खेपेच्या बाईला असतो. आणि आजार विरळ झाला की डॉक्टरांच्याही मनात तो लवकर येत नाही. तापाची बाई आधी टायफॉइडच्या तपासणीला जाते, मग सलाईन लागते, चार दिवसांनी कुणाला तरी हिवताप आठवतो.

शिवाय आपला मुलूख डासाला सोयीचा आहे. पांढुर्ण्याला जाम नदी, सौसरकडे कन्हान, आणि वरून सातपुड्याच्या उतारावरून येणारे कितीतरी नाले. पूर ओसरला की पात्रातल्या खडकांत आणि वाळूत पाण्याची डबकी राहतात. मध्य भारतात हिवताप पसरवणारा मुख्य डास, ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस, अशाच स्वच्छ, थबकलेल्या पाण्यात अंडी घालतो. विहिरीत, कालव्याच्या कडेला, ओढ्याच्या डबक्यात. गटारीचे पाणी त्याला फारसे मानवत नाही, त्यामुळे 'आमच्या वस्तीत गटार नाही' म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. दिवसा तो गोठ्यात आणि घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो, रात्री चावतो. पावसाच्या सुरुवातीला व्हायवॅक्स वाढतो. पोळा आणि पांढुर्ण्याची गोटमारीची जत्रा उरकली की पुढे दिवाळी ओलांडेपर्यंत फॅल्सिपेरमचे दिवस असतात. नेमक्या याच काळात सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड येते. मजूर एका गावातून दुसऱ्या गावात जातात, सातपुड्याच्या वरच्या गावांतली माणसे खाली कामाला येतात, रात्री शेतातल्या झोपडीत उघड्यावर निजतात. ज्याच्या अंगात जंतू आहे पण ताप नाही असा माणूसही डासामार्फत तो दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून गावात गेल्या वर्षी एकही रुग्ण नव्हता, एवढ्यावर विसंबता येत नाही.

तपासणी केव्हा करायची याचा ठोकताळा यातूनच निघतो. दिवस गेल्यानंतर पहिली नोंदणी होईल तेव्हा, महिना कोणताही असो, एकदा. पुढे आषाढ ते कार्तिकात जितक्यांदा गरोदरपणाच्या तपासणीला जाल तितक्यांदा. जंगलपट्टीतल्या गावात राहून आलात, किंवा तिकडून कुणी घरी राहायला आले आणि त्याला ताप होता, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता. रक्त अकारण उतरले तर लगेच. आणि ताप आला तर वर्षाच्या बाराही महिन्यांत त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. हिवाळ्या-उन्हाळ्यात, बाई गावातच आहे, रक्त ठीक आहे, ताप नाही, तर प्रत्येक खेपेला चाचणीचा आग्रह धरण्याची गरज नाही.

चाचणी दिसते कशी, हे माहीत असले की मागायला आणि समजून घ्यायला सोपे जाते. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचतात त्याच टोचणीतला रक्ताचा एक बारीक थेंब पुरतो. तो प्लास्टिकच्या छोट्या पट्टीवरच्या एका खाचेत टाकतात, दुसऱ्या खाचेत बाटलीतले औषधी पाणी मोजून थेंब-थेंब घालतात आणि पंधरा ते वीस मिनिटे थांबतात. तेवढ्यात वजन, बीपी, पोटाची तपासणी उरकते, म्हणून वेगळा वेळ लागत नाही. पट्टीवर एक रेघ कायम उठायला हवी, चाचणी नीट चालली याची ती खूण. तीच उठली नाही तर पट्टी खराब. दुसरी घ्यावी लागते, पहिलीला निगेटिव्ह म्हणता येत नाही. त्या रेघेशिवाय आणखी एखादी रेघ उठली, कितीही फिकी असली, तरी हिवताप आहे, आणि ती कोणत्या जागी उठली त्यावरून फॅल्सिपेरम की व्हायवॅक्स ते कळते. निकाल लवकर, पाच मिनिटांत, वाचून पट्टी टाकून देणे ही नेहमी होणारी चूक आहे. पूर्ण वेळ थांबा असे सांगायला बिचकू नका. पट्ट्या संपल्या असतील तर काचेवर रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवता येते. काचेवरची तपासणी जुनी असली तरी उत्तम आहे, फक्त निकाल कोणत्या दिवशी, कुणाकडून कळणार ते तिथेच विचारून ठेवा. काच गेली आणि निकाल आलाच नाही, तर तपासणी झालीच नाही असे धरावे. आणखी एक: औषध घेऊन बरे झाल्यावरही फॅल्सिपेरमची पट्टी काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहते. अलीकडेच उपचार झाला असेल तर ते सांगा आणि काचेचीच तपासणी करून घ्या, नाहीतर बरी झालेली बाई पुन्हा औषध घेत बसते.

आता दुसरा आक्षेप, आणि हा जाणकारांकडून येतो. झारखंडमध्ये नेमकी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून पाहिली गेली. काही गावांत प्रत्येक तपासणीला सगळ्या गरोदर बायकांची चाचणी केली, काही गावांत फक्त लक्षणे असलेल्यांची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वारेतला हिवताप सरसकट चाचणीमुळे कमी झालेला दिसला नाही. मग सगळ्यांना टोचण्याचा खटाटोप कशाला? हा अभ्यास बाजूला सारता येणार नाही. चाचणीवर किती भिस्त ठेवायची हे त्यातून शिकायचे आहे. पट्टीला फार विरळ जंतू दिसत नाहीत, आणि वारेत दडलेला जंतू बोटाच्या रक्तात विरळच असतो, म्हणून चाचणीच्या जाळीतून काही संसर्ग निसटतात. याचा अर्थ निगेटिव्ह निकाल म्हणजे पुढच्या महिन्याची हमी नव्हे, आणि चाचणी करून घेतली म्हणून मच्छरदाणी सोडता येत नाही. पण ज्या गावांशी तुलना केली त्या गावांत काय चालले होते, तेही पाहायला हवे. तिथे लक्षणे असलेल्या बाईची पट्टीने चाचणी होऊन तिला औषध मिळत होते. आपल्या गावात तापाची बाई किती वेळा चाचणीपर्यंत पोचते? ती आधी दोन दिवस घरी पडून राहते, मग दुकानातून गोळी येते, मग झोलाछाप डॉक्टरचे इंजेक्शन, आणि ताप उतरला की सगळे विसरतात. जिथे तापाची दखल वेळेत घेतली जात नाही, तिथे गरोदरपणाची ठरलेली तपासणी ही हिवताप पकडायची एकमेव खात्रीची जागा उरते. झारखंडमध्येच २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासणीला आलेल्या गरोदर बायकांपैकी १.८ टक्के बायकांच्या रक्तात जंतू सापडला होता. पन्नास बायकांमागे जवळजवळ एक. पन्नास जणींच्या बोटाच्या टोचणीत एका आईचे आणि एका बाळाचे संकट ओळखू येत असेल, तर टोचणी महाग नाही.

म्हणून चाचणीइतकेच वजन तापाच्या नियमाला द्या. गरोदर बाईचे अंग तापले की त्याच दिवशी आशाताईला कळवायचे. तिच्याकडे पट्टी आणि औषध दोन्ही असते. मधल्या वेळात ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालते. ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या आणि ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नयेत. आधी इंजेक्शन, मग चाचणी, असा क्रम मुळीच नको. पहिली चाचणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर एक-दोन दिवसांत पुन्हा करा, शक्यतो काचेवर. आणि काही लक्षणे अशी आहेत की त्यांत आशाताईचीही वाट पाहायची नाही: बाई असंबद्ध बोलू लागली, झटके आले, धाप लागली, डोळे पिवळे झाले, लघवी काळपट किंवा फार थोडी होऊ लागली, उलट्या थांबेनात, दरदरून घाम सुटून गळून गेली, बाळाची हालचाल मंदावली किंवा खालून रक्त गेले. अशा वेळी १०८ ला फोन करून पांढुर्ण्याच्या किंवा सौसरच्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि दारातच सांगा की बाई गरोदर आहे, ताप आहे, हिवतापाची तपासणी झाली किंवा झालेली नाही. तिथून छिंदवाड्याला किंवा नागपूरला पाठवायची वेळ आली, तर निघण्याआधी रक्तातली साखर पाहिली का आणि हिवतापाचे पहिले इंजेक्शन दिले का, हे दोन प्रश्न विचारा. नागपूरच्या रस्त्यावर जाणारे तास फुकट जाता कामा नयेत.

औषधाची भीती मोठी असते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. पोटातल्या बाळाला कडू गोळ्या सोसणार नाहीत, गर्भ पडेल, असे घरातली वडीलधारी माणसे काळजीपोटीच म्हणतात. काळजी खरी आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. गर्भ पडण्याचा धोका हिवताप अंगात राहू देण्यात आहे. व्हायवॅक्ससाठी दिली जाणारी क्लोरोक्विन गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात चालते. तीन दिवसांचा डोस असतो, काही खाऊन घ्यावा. फॅल्सिपेरमसाठी चौथ्या महिन्यापासून पुढे आर्टेमिसिनिन असलेल्या एसीटीच्या गोळ्या देतात. पहिल्या तीन महिन्यांत आपल्याकडे बरीच वर्षे क्विनीन दिली गेली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन ही जोडी पहिल्या तिमाहीतही सुरक्षित मानून तिची शिफारस केली. यातले काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना ते ठरवता यावे म्हणून कितवा महिना आहे हे बरोबर सांगणे तुमच्या हातात आहे. पाळी चुकल्याचे अजून घरात कुणाला सांगितले नसेल, तरी तापाच्या औषधाआधी नर्सबाईला खासगीत सांगाच. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून आशाताईला कळवा. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला तरी गोळ्या पुऱ्या करा. दोन औषधे मात्र गरोदरपणी घ्यायची नाहीत: प्रायमाक्विन आणि डॉक्सिसायक्लिन. घरात दुसऱ्या कुणाला हिवताप झाला असेल आणि त्याच्या गोळ्या उरल्या असतील, तर त्या तिला देऊ नका. त्यात प्रायमाक्विन असण्याची शक्यता पुष्कळ असते, आणि ती पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशींना बाधू शकते.

थोडे वाचलेले लोक आणखी एक विचारतात. आफ्रिकेत गरोदर बायकांना ठरावीक अंतराने प्रतिबंधक गोळ्या देतात, मग आपल्याकडे का नाही? तिथे हिवताप इतका जास्त आहे की तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना गोळी देणे परवडते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही पद्धत नाही आणि आपल्या भागापुरते ते योग्यच वाटते. पन्नासात एकीला लागण असेल तर एकोणपन्नास जणींना विनाकारण औषध देण्यापेक्षा पन्नास जणींना तपासून एकीला पुरेसे औषध देणे शहाणपणाचे. पण गोळी द्यायची नाही असे ठरवले, तर तपासण्याची जबाबदारी दुप्पट होते. दोन्ही सोडून दिले, तर बाईच्या वाट्याला काहीच उरत नाही.

डासापासून बचाव हा चाचणीच्या जोडीचा भाग आहे. सरकारकडून मिळणाऱ्या औषधी मच्छरदाणीत गरोदर बाईने पहिल्या महिन्यापासून झोपावे. कुटुंबाला एकच मिळाली असेल तर ती तिची आणि धाकट्या मुलांची. नवी मच्छरदाणी पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत पसरून ठेवा, म्हणजे वास आणि चुणचुण कमी होते. खालची कड गादीखाली किंवा चटईखाली चारी बाजूंनी खोचा. लोंबती ठेवली तर डास खालून शिरतो. धुणे क्वचितच, साध्या साबणाने, दगडावर न आपटता; वाळवणे सावलीत, कारण उन्हाने औषध मरते. ती साधारण वीस धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत काम देते. गावात भिंतींवर फवारणी झाली असेल तर पुढे निदान दहा आठवडे त्या भिंती सारवू-पोतारू नका. सणासुदीला हे जड जाते, पण फवारणीची तारीख आधी कळली तर रंगरंगोटी तिच्याआधी उरकता येते. सरपंचाने दवंडी द्यावी अशी ही बाब आहे. शेतात जागलीला जायचे असेल तर गरोदर बाईने जाऊ नये, आणि जाणे टळतच नसेल तर मच्छरदाणी बरोबर न्यावी. बाई जिथे निजते ती खोली गोठ्याला लागून असेल तर तिचे अंथरूण आषाढ ते कार्तिक एवढ्या काळापुरते दुसरीकडे हलवावे.

आपल्या सीमेवरच्या मुलखाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी. पांढुर्ण्या-सौसरच्या कितीतरी सुनांचे माहेर वरुड, नरखेड, काटोलकडे आहे, आणि तिकडे दिलेल्या लेकी बाळंतपणाला इकडे येतात. सातव्या-आठव्या महिन्यात बाई राज्य बदलते, आणि ज्या नर्सबाईला तिची माहिती होती ती मागे राहते. कार्ड इकडे हिंदीत, तिकडे मराठीत. चाचणीचा निकाल बहुतेक वेळा तोंडीच सांगितलेला. म्हणून प्रत्येक चाचणीनंतर कार्डावर तारीख, पट्टी की काच, निकाल, आणि औषध दिले असल्यास त्याचे नाव, एवढे लिहून घ्या, आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या आशाताईकडे नाव नोंदवून तेच पान दाखवा. मे महिन्यात झालेली चाचणी भाद्रपदात उपयोगाची नाही, हेही तिथे समजावून सांगावे लागेल.

व्हायवॅक्स झालेल्या बाईची गोष्ट बाळंतपणाने संपत नाही. हा जंतू यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. त्याला मुळापासून काढायला आपल्याकडे प्रायमाक्विन देतात, आणि ते गरोदरपणी देता येत नाही. तोपर्यंत ताप पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर बाळंत होईपर्यंत आठवड्यातून एकदा क्लोरोक्विन चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारावे. जागतिक आरोग्य संघटना तसा पर्याय सुचवते. बाळ झाल्यावर, अंगावर पाजत असताना प्रायमाक्विन केव्हा सुरू करायचे, त्याआधी जी-६-पीडी नावाची रक्ताची तपासणी करायची का, हे प्रश्न बाकी राहतात. बाळंतपणाच्या धावपळीत ते सहसा विसरले जातात, आणि पुढच्या खेपेला दिवस जातात तेव्हा जुनाच हिवताप पुन्हा उठतो. बाळ दीड महिन्याचे झाले की पहिल्या मोठ्या लसीला दवाखान्यात जावेच लागते. जुने कार्ड त्या दिवशी बरोबर न्या, हिवतापाचे पान उघडून दाखवा, आणि बाळाच्या लसीबरोबरच आईच्या राहिलेल्या औषधाची तारीख लिहून घ्या.